दुसरी आयडी

पाहुणे यायच्या आधी घरातलं जे जे लपवण्यासारखं होतं ते कस्तुराबाईंनी आतल्या खोलीत ढकललं. एका पायानं लंगडी खुर्ची गेली. खताची रिकामी पोती गेली. मागच्या पंचायतीच्या निवडणुकीत पडलेल्या नवऱ्याचा, आबासाहेबांचा, हात जोडलेला फ्लेक्स गेला. सगळ्यात शेवटी महारुद्र गेला.

"कोंडू नका हो त्याला, आत्याबाई," मंजुषा म्हणाली.

"कोंडते कशाला? दार निस्तं लोटलंय. हातात फोन दिलाय. आता घर जळालं तरी उठतंय का ते?"

मंजुषा चहाचे कप पुसायला लागली. तिलाही आपलं लेकरू बाहेर नकोच होतं. फक्त ते आत घालण्याचं पाप सासूच्या नावावर जावं एवढीच तिची इच्छा होती.

गोठ्याच्या भिंतीवरून बापलेकात वाजलं त्या साली थोरला बालाजी मंजुषाला घेऊन, राणीसावरगाव सोडून परभणीला गेला होता. तेव्हापासून हे कुटुंब एकत्र यायचं ते दोनच कारणांनी. भावकीत कोणी मेलं तर, नाहीतर धाकट्या नागेशला बघायला कोणी आलं तर. अलीकडे मरणं वेळच्या वेळी होत होती, सोयरीक होत नव्हती. नागेशची जमीन ओलिताखालची, अंगाला कसलं व्यसन नाही, मिशीसुद्धा बेताची. पण मुलींच्या बापांना जमीन हवी असायची आणि ती कसणारा नको असायचा. पस्तिशी दारात येऊन उभी होती. अशात चुडाव्याच्या सितारामची मुलगी अपेक्षा म्हणाली होती म्हणे, की शेतकरी असला तरी चालेल. हे वाक्य आबासाहेबांनी गावात इतक्या जणांना सांगितलं होतं, की मुलीनं ते एकदाच म्हटलं असेल यावर आता कोणाचा विश्वास बसत नव्हता.

आज ते सितारामराव येणार होते. रेल्वेतून निवृत्त झालेले. सोबत त्यांची बहीण गीताबाई. चुडाव्याच्या लोकांचा निरोप असा होता की सितारामरावांना पाहुणचार करा आणि गीताबाईंना जपा.

*

महारुद्र हे नाव आबासाहेबांनीच ठेवलेलं. "हाक मारली की वेस हादरली पायजे," असं बारशाच्या भाषणात ते म्हणाले होते. होय, बारशाला भाषण झालं होतं. माईक पुढं आला आणि आबासाहेब मागं सरले असं तालुक्यात कोणी पाहिलेलं नव्हतं. हाक मारल्यावर वेस हादरायचीही. महारुद्र तेवढा हादरायचा नाही.

परभणीच्या घरात बाप कृषी कार्यालयात, आई पतसंस्थेत आणि लेकरू फोनच्या ओटीत, असा संसार होता. आधी त्यानं घास खावा म्हणून फोन दाखवला. मग फोन मिळावा म्हणून तो घास खायला लागला. लोकांची लेकरं पहिल्यांदा आई म्हणतात, मग पाणी म्हणतात, मग नको म्हणतात. हे लेकरू पहिल्यांदा 'स्किप' म्हणालं. मंजुषाच्या माहेरी त्याचंही कौतुक झालं. पुढे तो खेळ आला. आभाळातून छत्रीनं उतरायचं, बंदुका गोळा करायच्या, आणि कानात कुठकुठली पोरं कुठल्या कुठल्या मुलखातून ओरडत असायची. त्यांची भाषा ती ह्याची भाषा झाली. आई भाई, बाप भाई, आजा भाई. भावकीतल्या एका दहाव्याला गावी आला तेव्हा गोठ्यात जाऊन म्हशीला म्हणाला, "भाई, साइड हो."

कस्तुराबाई लग्नाकार्यात ओव्या घालणाऱ्या. पदरात शब्दांना तोटा नाही. त्या दिवशी शेण उचलता उचलता त्यांच्या तोंडून आपसूक निघालं होतं:

*नातवाच्या ओठी बाई, कुन्या मुलखाची बोली,*
*माय बी भाई केली, म्हस बी भाई केली.*

मंजुषाला ते लागलं. म्हशीच्या रांगेत बसवल्याचं नाही, चालीत बसवल्याचं लागलं.

खरं तर लागण्यासारखं ह्याहून बरंच होतं. पहिलीच्या प्रवेशाला शाळेतल्या बाईंनी लाडानं विचारलं होतं, "बाळा, मम्मी कुठंय?" मंजुषा शेजारीच बसली होती, फक्त पतसंस्थेतून आलेला फोन कानाला लावून. महारुद्रानं तिच्याकडे एकदा पाहिलं आणि सांगितलं, "मम्मी ऑफलाइन है." बाई हसल्या. मग हसायच्या थांबल्या आणि म्हणाल्या, ह्याला कोणाला तरी दाखवून आणा, प्रवेशाचं मग बघू.

दाखवून आणलं. डॉक्टर म्हणाले, वाचा उशिरा आहे, खेळ बंद करा, घरात बोला. खेळ बंद करायचा प्रयत्न झाला. लेकरानं भिंतीवर डोकं आपटलं, खेळ चालू झाला. घरात बोलायचाही प्रयत्न झाला. बालाजी कामावरून आल्यावर रोज म्हणायचा, "बोल महारुद्र." आणि ते बोलायची वाट बघत स्वतःच्या फोनमध्ये बघत बसायचा.

*

जीप आली. गीताबाई आधी उतरल्या. त्यांनी दारापासून ओसरीपर्यंतची जागा अशी नजरेनं मोजली की आबासाहेबांनी नकळत पोट आत घेतलं.

बैठक झाली. कूलर घरघरत होता. मे महिन्याचं ऊन अंगणात उभं राहून आत बघत होतं. भजे झाले, चहा झाला, आबासाहेबांचं प्रास्ताविक झालं. त्यात गावाचा इतिहास, घराण्याची इज्जत आणि मोबाइलनं बिघडलेली तरुण पिढी असे तिन्ही विषय आले. तिसऱ्या विषयावर ते पंधरा ऑगस्टला शाळेत बोलले होते, तेव्हा टाळ्या पडल्या होत्या. म्हणून तो त्यांनी जवळच ठेवला होता.

"आमच्या नागेशाला बगा," कस्तुराबाईंनी धागा उचलला, "मोबाइलचा नाद कसला तो न्हाई. सांजच्याला लोकं पारावर बसतेत. हे आपलं शेताकडं. मोटार चालू करायला."

"रोज?" गीताबाईंनी विचारलं.

"रोज. एक दिस खाडा न्हाई."

"रोज सांजंलाच?"

"सांजंलाच की."

"कमाल हाय बाई तुमच्या गावची. आमच्याकडं शेतीची लाईट आठवड्याला पाळी बदलती. एक आठवडा दिवसा, एक आठवडा रातचं. तुमच्याकडं बारा महिने सांजंलाच येती व्हय?"

कोपऱ्यात बसलेल्या नागेशनं कपातला संपलेला चहा पुन्हा एकदा प्यायला.

"ते… वायरमन वळकीचा हाय," आबासाहेब म्हणाले. खोटं बोलताना त्यांचा आवाज नेहमी अध्यक्षीय व्हायचा.

सितारामराव मात्र खुशीत होते. त्यांना पोरगं आवडलं होतं. खाली मान घालून बसलं होतं, दोनदा विचारल्याशिवाय बोलत नव्हतं. सासऱ्याला आणखी काय हवं असतं. "जाऊ दे गं गीता," ते म्हणाले. "लाईटीचं आपल्याला काय करायचं?"

आणि आतल्या खोलीतल्या फोनची बॅटरी संपली.

*

दार उघडून महारुद्र बाहेर आला. बैठकीवर नजर फिरवून म्हणाला, "ओ भाई साब! कितने बंदे हैं!"

"लेकरू लाजाळू हाय," आबासाहेब घाईनं म्हणाले.

लाजाळू लेकरू सरळ नागेशकडे गेलं आणि त्याच्या मांडीवर चढून बसलं. बालाजीला ते खटकलं. स्वतःच्या मांडीवर तो केव्हा असा चढला होता हे त्याला आठवेना, आणि आठवायची ही वेळही नव्हती.

"या की इकडं," गीताबाईंनी हातात भजं धरून बोलावलं. "नाव काय म्हनलं राजाचं? बरं, नको सांगू. हे कोन हाय सांग बरं तुझं? ज्याच्या मांडीवर बसलास ते?"

महारुद्रानं नागेशच्या तोंडाकडं पाहिलं. त्याचा चेहरा उजळला. आजवर ह्या घरात कोणी त्याला उत्तर येईल असा प्रश्न विचारला नव्हता.

"ये तो राणी है."

सगळे हसले. नागेश हसला नाही.

"राणी? पुरुषमानसाला राणी म्हनतेत व्हय रं? कोन राणी?"

"नागेश भाई की दुसरी आयडी."

गीताबाईंच्या बाजूलाच कूलर होता. त्यांच्या कानात शिरताना त्या शब्दाला एक अक्षर जास्तीचं चिकटलं.

"दुसरी बायडी?"

"हां!" महारुद्र खूश झाला. "पहली छोटी है. दुसरी का लेवल बड़ा है. रोज शाम को आती है."

"रोज सांजंला," गीताबाई भावाकडे बघत सावकाश म्हणाल्या. "मोटार चालू करायला."

"गीताबाई, तसं न्हाई ते…" नागेश उठायला गेला, पण मांडीवर साक्षीदार बसला होता.

"तुमी थांबा हो. लेकरू खरं बोलतं. कुठं येती रं राणी?"

ह्यावर महारुद्रानं जे सांगितलं ते अर्धं त्या मुलखाच्या बोलीत होतं आणि अर्धं अस्सल राणीसावरगावच्या. "घर के पीछे. बांधाआड दबा धरून बसती. मला म्हनती, दम धर, आलेच. कभी कभी मरती है. पर फिर आती है."

"मरती?" सितारामरावांनी हातातली बशी खाली ठेवली. "आबासाहेब, पोरगं बिजवर हाय का तुमचं? तसं असलं तर आधी सांगायचं व्हतं. दुसरपणाला आमी न्हाई म्हनलं नसतं कदाचित, पर लपवून?"

"बिजवर?" कस्तुराबाईंनी कपाळावर हात मारला. "आवं, त्याला पहिल्यांदा नवरदेव व्हायला कोन देईना!"

आबासाहेब उभे राहिले. संकटात उभं राहून बोलायची त्यांना सवय होती. "पाव्हणे, ह्या घराण्याच्या सात पिढ्यात…"

"आबा, बसा," बालाजी मध्ये पडला. सरकारी नोकरीत असल्यामुळे खुलासा देणं हे आपलं काम आहे असं त्याला वाटायचं. "गीताबाई, गैरसमज व्हायलाय. बायडी न्हाई. आयडी. आयडी म्हणजे ओळख. नागेशाची दुसरी ओळख हाय, बास."

"बगा," गीताबाई भावाला म्हणाल्या. "सख्खा भाऊ कबूल करायलाय. दुसरी ओळख हाय म्हनून."

बालाजी बसला. कृषी कार्यालयातही त्याचे खुलासे असेच जायचे.

*

शेवटी नागेशनं खिशातून फोन काढला आणि पाहुण्यांपुढे धरला. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. पडद्यावर डोक्याला लोखंडी टोपडं घातलेली, हातात बंदूक घेतलेली एक बाहुली उभी होती आणि तिच्या डोक्यावर नाव होतं: राणीसावरगाव.

"ही राणी," तो म्हणाला. "गावाचं नाव घातलं, तर त्यातलं राणी त्येवढंच म्हनतंय हे लेकरू."

"बाईचं चित्र कामून?" गीताबाईंनी विचारलं.

"फुकटात तेवढंच भेटलं. पहिलीचा पासवर्ड इसरलो, म्हनून ही दुसरी."

सितारामरावांनी चष्मा वर-खाली करून बाहुली बघितली. ती मेलेली नव्हती, जिवंतही नव्हती. त्यांना हायसं वाटलं. मग विचार करून हायसं वाटेनासं झालं. "म्हंजे तुमी रोज सांजंला शेतात जाऊन हे खेळता? ह्या वयात?"

नागेशला सांगायचं होतं. सांगायला जे लागतं ते त्याच्याकडं कधीच नसायचं. घरातलं सगळं बोलणं बापानं वापरून संपवलेलं होतं. परभणीला फोन लावला की हे लेकरू पडद्यावर नुसतं बघायचं. हां नाही, हूं नाही. मग नागेशला कळलं की हे बोलतं ते फक्त त्या मैदानात. म्हणून तो मैदानात गेला. विहिरीच्या काठावर रेंज यायची, तिथं बसून आभाळातून उतरायला शिकला. पहिल्या संध्याकाळी कानात आवाज आला, "पीछे से कवर दे, भाई." नागेशला कवर कळलं नाही, भीती कळली. तो म्हणाला, "मागंच हाय की रं मी. दम धर."

शिकवायचं असं त्याच्या मनात नव्हतं. तो फक्त आपल्या तोंडानं बोलत राहिला. त्या परक्या मैदानात चिखलाची कड दिसली की तो तिला बांध म्हणायचा, मग महारुद्रही म्हणायला लागला. खोल गेलेली जमीन ओढा झाली. पडक्या घरामागची जागा वळचण झाली. कोणी गोळी घालून आडवं केलं की, "ऊठ गड्या, धूळ झटक," हे नागेशचं आधी, मग लेकराचं. गोळ्यांच्या पावसात एक एक शब्द असा रुजत गेला, जसं ढेकळाआडचं बी रुजतं, कोणी बघत नसताना.

ह्यातलं नागेश एवढंच म्हणाला, "लेकरू एकटं असतंय तिकडं."

मंजुषा स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिच्या हातातला ट्रे तसाच राहिला.

बांधाआड. तिच्या परभणीच्या दुसऱ्या मजल्यावर बांध कुठला? हा शब्द त्यानं घरात पहिल्यांदा काढला तेव्हा ती रागावली होती: "असलं गावंढळ कुठून उचलतोस?" मग शाळेच्या नकारानंतर एकदा ती ओट्याशी उभी राहून रडत होती. महारुद्र फोन घेऊन आत आला, तिच्याकडं बघितलं आणि म्हणाला, "दम धर, भाई." आपल्याला धीर दिला हे तिला तेव्हा कळलं नव्हतं. तिला फक्त 'दम' ऐकू आला होता, आणि तिनं त्याला 'मोठ्यांना दम द्यायचा नसतो' हे शिकवलं होतं. तिच्या मराठीत दम द्यायचाच असायचा.

वर्षभर ती चित्रं दाखवून त्याला शब्द घोकवत होती. अननसाला अननस म्हण. तो म्हणाला नव्हता. त्याला अननसाशी काय बोलायचं होतं?

*

"बायडी असती," गीताबाई म्हणाल्या, "तर सोडचिट्टी झाली का, असं इचारता तरी आलं असतं. ह्याला काय इचारावं?"

"विचारायचं कशाला?" आबासाहेबांना सूर सापडला. मुलगा एका आरोपातून सुटतोय म्हटल्यावर त्यांनी त्याला तत्परतेनं दुसऱ्यात आरोपी केलं. "मी पहिल्यापासून ह्या मोबाइलच्या विरोधात हाय. सगळ्या गावाला ठावं हाय. नागेश, लाज वाटती का?"

"बरोबर आहे आबांचं," बालाजी म्हणाला. गोठ्याच्या भिंतीनंतर बापलेकाचं एकमत होण्याची ही पहिलीच वेळ. दोघांनाही त्याचं नवल वाटलं, आणि ते टिकावं म्हणून दोघेही नागेशवर आणखी थोडं तुटून पडले. "डॉक्टरांनी सांगितलंय की खेळामुळंच लेकराची वाचा अडलीय. आन् सख्खा काकाच तिकडून खेळायलाय! मी ह्याच्या हातातून फोन कसा काढू?"

"तुझ्या हातातला आधी काढ," कस्तुराबाई पुटपुटल्या. पण हळूच. आज धाकट्याचं ताट वाढलेलं होतं, त्यात थोरल्याची माती नको.

सितारामराव भला माणूस होता. भले लोक तोडगा काढतात. "हे बगा," ते म्हणाले, "पोरगं आमाला पसंत हाय. अपेक्षानं बी फोटो बगून होकार दिलाय. ह्या एका गोष्टीपायी सोयरीक मोडावी असं मला वाटत न्हाई. तुमी ते काय हाय ते पुसून टाका. राणीला. आत्ता, आमच्यासमोर. लगेच कुंकू लावू, सुपारी फोडू. काय म्हनता?"

"मंजूर!" आबासाहेब म्हणाले. काय म्हणता हे नागेशला विचारलं होतं.

नागेशनं आईकडं पाहिलं. कस्तुराबाईंच्या डोळ्यांसमोर ह्या ओसरीवरची कित्येक पोह्यांची ताटं फिरून गेली. रिकामी झालेली, धुतलेली, पुन्हा मांडलेली. "नागेशा," त्या म्हणाल्या, "तुझं घर व्हायलंय, बाप्पा." त्यांच्या आवाजात विनवणी होती. नातवाकडं त्यांनी बघितलं नाही. बघितलं असतं तर तेवढं बोलता आलं नसतं.

"आबा, एक मिनिट," मंजुषा चौकटीतून म्हणाली. "पुसायलाच पाहिजे का? म्हणजे, भावजी जे बोलतात त्याच्याशी, त्यातूनच तर…"

सगळ्यांनी तिच्याकडं वळून पाहिलं. बालाजी जवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "तूच म्हणायचीस ना रोज, कोणीतरी एकदाचं बंद करा म्हणून? आता बंद व्हायलंय तर त्यात बी खोट? नागेशाचं लग्न मोडलेलं तुझ्यावर येईल, बघ."

ती म्हणत होतीच. शाळेत, पतसंस्थेत, माहेरी. एवढ्या ठिकाणी म्हटलेलं परत कसं घ्यायचं हे तिला सुचेना. तिनं ट्रे खाली ठेवला आणि कप गोळा करायला लागली.

नागेशनं अंगठा फिरवला. महारुद्र त्याच्या मांडीवरच होता, वाकून बघत होता. त्याला अक्षरं येत नव्हती, पण लाल बटण म्हणजे काय हे चांगलं कळत होतं. खेळानं विचारलं, नक्की का? नागेशनं बटण दाबलं. खेळानं पुन्हा विचारलं, परत येणार नाही, नक्की का? त्या परक्या कंपनीच्या खेळानं दोनदा विचारलं. घरच्यांनी एकदाही विचारलं नव्हतं.

राणीसावरगाव गेली.

"झालं?" सितारामरावांनी विचारलं.

"झालं."

मग सगळं भराभर झालं. गीताबाईंनी पिशवीतून कुंकवाची डबी काढली. ती त्यांनी घरूनच आणली होती, म्हणजे नकार द्यायचं त्यांच्या मनात कधी नव्हतंच, फक्त तपासायचं होतं. नागेशच्या कपाळाला कुंकू लागलं, वर तांदूळ चिकटले. सुपारी फुटली. व्याही व्याह्याला भेटले. "आता आमच्या लेकीला संबाळा," गीताबाई म्हणाल्या, तेव्हा त्यांचा आवाज पहिल्यांदा मऊ झाला आणि ती बाई अचानक कोणाची तरी आत्या वाटायला लागली. कस्तुराबाईंनी डोळ्याला पदर लावला. आबासाहेबांनी पेढ्यांचा पुडा फोडून स्वतःच वाटायला घेतला, कारण पेढा देताना प्रत्येकाशी दोन वाक्यं बोलता येत होती.

मांडीवरून उतरून महारुद्र मधोमध उभा होता. त्याच्या हातातही कोणीतरी पेढा दिला होता. तो त्यानं खाल्ला नव्हता. कपाळभर कुंकू लावलेल्या माणसाकडं बघत तो म्हणाला,

"काका, आता मी कुनासंग बोलू?"



"ऐकलं का?" आबासाहेब पेढ्यांचा पुडा उंचावून म्हणाले. "ऐकलं का सगळ्यांनी? काका म्हनला! भाई न्हाई, काका! आन् पूर्ण वाक्य! एक शब्द इकडचा तिकडं न्हाई!"

"बंद केल्या केल्या गुण आला," बालाजी म्हणाला. "डॉक्टर म्हणत होते ते हेच." त्यानं फोन काढून पोराच्या तोंडापुढं धरला. "बाळा, परत म्हण. शाळेतल्या मॅडमला पाठवू. हां, म्हण, काका, आता मी…"

"लय गोड बोलतंय की वो," गीताबाई म्हणाल्या. "वाचा अडली म्हनत व्हता तुमी!"

टाळ्या पडल्या. आबासाहेबांना टाळ्यांचा नाद, त्यांनी सुरुवात केली. सितारामरावांनी साथ दिली. मंजुषा कप तसेच टाकून पुढं आली आणि लेकराजवळ खाली बसली. तिनं त्याचा हात धरला. तोंड उघडलं. मराठीत काय म्हणायचं असतं अशा वेळी, हे ती शोधत राहिली.

महारुद्रानं पुन्हा म्हटलं नाही. तो एकेका तोंडाकडं बघत उत्तराची वाट बघत होता. आज्याच्या, आजीच्या, बापाच्या, नव्या पाहुण्यांच्या, शेवटी काकाच्या. पण बोलणार कोण? सगळ्यांच्या तोंडात पेढा होता.